बर्कली आणि उंबरमाळी : एका इंग्रजी आडनांवाची चिकित्सा

ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत, खर्डी व कसारा या दोन स्थानकांच्या मध्यें, उंबरमाळी नांवाचें एक लहानसें रेल्वेस्थानक आहे. पुढें कसारा आला कीं सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते आणि थळघाटाची चढण सुरू होते. हा लोहमार्ग ज्याच्या देखरेखीखालीं आंखला गेला, त्या स्थापत्यशास्त्रज्ञाचें नांव जेम्स जॉन बर्कली. रेल्वेच्या इतिहासांत हें नांव वारंवार येतें. परंतु त्या आडनांवाचा अर्थ काय, तें कोठून आलें, याचा विचार आमच्या मराठी वाचकांनीं फारसा केलेला दिसत नाहीं. परकीयाच्या आडनांवाची उठाठेव आपण कां करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या नांवाचीं दोन्ही अंगें संस्कृताशीं सगोत्र आहेत. त्यांपैकीं एक तर हस्तलिखितांच्या संग्राहकांस नित्य परिचयाचें आहे. आणि तें नांव ज्या रीतीनें घडलें त्याच रीतीनें आमचें उंबरमाळीहि घडलेलें आहे. प्रस्तुत लेखांत हें दाखवून, त्यावरून आडनांवांच्या इतिहासाविषयीं जें सुचतें तें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम ज्याच्या निमित्तानें हा विषय निघाला त्या गृहस्थाची थोडी हकीकत देतों. बर्कली यांचा जन्म लंडनजवळील हॉलोवे येथें २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं झाला. सुप्रसिद्ध रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. १८४९ सालीं ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ रेल्वे कंपनीनें त्यांस मुख्य स्थानिक इंजिनिअर नेमलें आणि १८५० मध्यें ते मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें हा मार्ग खुला झाला. १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणास पोंचली. आणि १ जानेवारी १८६१ रोजीं ती कसाऱ्यापर्यंत आली. म्हणजे उंबरमाळीच्या माळावरून आगगाडी धांवूं लागली ती त्या सालापासून. थळघाटाची चढण नऊ मैलांहून किंचित् अधिक. तेवढ्यांत मार्ग ९७२ फूट वर चढतो, आणि सर्वांत तीव्र ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. हा घाट १ जानेवारी १८६५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. परंतु तो दिवस पाहणें बर्कली यांच्या नशिबीं नव्हतें. प्रकृति ढांसळल्यामुळें ते १८६१ सालीं मायदेशीं परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजीं, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षीं, निवर्तले. मुंबई विश्वविद्यालयांत त्यांच्या नांवाचें एक पारितोषिक ठेवण्यांत आलें होतें. १८८३ सालीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून परीक्षेंत पहिले येऊन तें मिळविणारे विद्यार्थी म्हणजे पुढें सर्वश्रुत झालेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या होत.

आतां नांवाकडे वळूं. नांवांच्या व्युत्पत्तीच्या क्षेत्रांत जितका स्वैरसंचार चालतो तितका अन्यत्र क्वचितच चालत असेल. आमच्या एका स्नेह्यानें, अर्धवट विनोदानें कां होईना, असें सुचविलें कीं ‘बर्कली’ या नांवाच्या शेवटचा ‘ली’ आणि डोंबिवली, बोरिवली, आंबिवली यांतील ‘ली’ एकच असावा. हें साम्य केवळ कानाचें आहे. बोरिवली वगैरे नांवांत शेवटचें पद ‘ली’ नसून ‘वली’ आहे, आणि तें संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती, या शब्दापासून आलेलें आहे; स्वरांच्या मध्यें आलेल्या पकाराचा वकार होणें हा प्राकृताचा सामान्य नियम आहे. इंग्रजी नांवांतील ‘ली’ची उत्पत्ति अगदीं निराळी. दोन शब्द आज सारखे ऐकूं येतात म्हणून ते एक, आणि सारखे ऐकूं येत नाहींत म्हणून ते भिन्न, हीं दोन्ही अनुमानें सारखींच धोक्याचीं आहेत. ज्याप्रमाणें पोथीचा पाठ ठरवितांना आपण सर्वांत अर्वाचीन नकल पुढें ठेवून निर्णय करीत नाहीं, तर जुन्यांत जुनी प्रत पाहतों, त्याप्रमाणें नांवाचेंहि जुन्यांत जुनें रूप आधीं शोधलें पाहिजे.

बर्कली हें मूळ एका गांवाचें नांव. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, सेव्हर्न नदीच्या कांठच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांत तें गांव आहे. इ. स. ८२४ च्या सुमाराच्या लेखांत त्याचें रूप ‘बेओर्क्लेआ’ असें मिळतें. आणि नॉर्मन राजा विल्यम यानें १०८६ सालीं जी सर्व देशाची जमीनपाहणी करविली, तिच्या दफ्तरांत तें ‘बेर्चेलाइ’ असें लिहिलेलें आहे. सॉमरसेट परगण्यांतहि याच अर्थाचें एक बर्कली आहे. जुन्या इंग्रजींत ‘बेओर्क’ म्हणजे बर्च नांवाचें पांढऱ्या सालीचें झाड, आणि ‘लेआह’ म्हणजे रान, अथवा रानांत झाडें तोडून केलेली मोकळी जागा. तेव्हां बर्कली म्हणजे बर्च-झाडांचें रान किंवा बर्चांमधील मोकळवण. यांतील पहिल्या पदाविषयीं आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. रोमन लिपि येण्यापूर्वीं त्या लोकांत ‘रून’ नामक अक्षरें प्रचारांत होतीं, आणि त्यांतील बकाराच्या अक्षराचें नांवच ‘बेओर्क’ असें होतें. झाडाचा आणि अक्षराचा हा संबंध वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन आहे.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात असें प्रतिपादन केलें. आणि १८२२ मध्यें याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें जर्मानिक शाखेंतील व्यंजनांच्या परिवर्तनाचे नियम मांडले. त्या नियमांप्रमाणें संस्कृतांतील भकाराच्या जागीं इंग्रजींत बकार येतो : आपला ‘भ्रातृ’ तो त्यांचा ‘ब्रदर’, आपला ‘भृ’ धातु तो त्यांचा ‘बेअर’. संस्कृतांतील जकार जेथें मूळच्या तालव्य गकाराचा प्रतिनिधि आहे तेथें इंग्रजींत ककार येतो : आपलें ‘जानु’ तें त्यांचें ‘नी’, ज्याच्या लेखनांत आरंभींचा, आतां मुका झालेला, ककार अद्यापि उभा आहे, आपला ‘जन्’ धातु तो त्यांच्या ‘किन्’ म्हणजे सगेसोयरे या शब्दांत. आतां ‘बेओर्क’ या शब्दास हे दोन नियम उलट लावून पाहावे. बकाराच्या जागीं भकार, ककाराच्या जागीं जकार. मध्यें रेफ आहेच. निष्पन्न होतो तो शब्द ‘भूर्ज’. हें केवळ ध्वनीचें गणित नव्हे. अर्थहि तोच आहे. हिमालयांतील भूर्जवृक्ष आणि इंग्लंडांतील बर्च हीं एकाच जातीकुळींतील झाडें आहेत. लिथुएनियन भाषेंत ‘बेर्झस्’, रशियनांत ‘बेर्योझा’, जर्मनांत ‘बिर्क’ हीं त्याचींच भावंडें. पांढरी चकचकीत साल हें या झाडाचें मुख्य लक्षण असल्यामुळें, प्रकाशणें या अर्थाच्या ‘भ्राज्’ धातूशीं त्याचा संबंध पंडितांनीं जोडला आहे.

दुसरें पद ‘लेआह’. संस्कृतांतील ककाराच्या ठिकाणीं जर्मानिक शाखेंत हकार येतो : आपलें प्रश्नार्थक ‘कः’ तें जुन्या इंग्रजींतील ‘ह्वा’, आपलें ‘क्रविस्’ म्हणजे कच्चें मांस, तें त्यांचें ‘ह्रेआव’, आजचें ‘रॉ’. या नियमानें ‘लेआह’ याचा संस्कृत सगोत्र शब्द ‘लोक’ ठरतो. आज आपण ‘लोक’ म्हणजे माणसें किंवा जग असें समजतों; परंतु ऋग्वेदांत या शब्दाचा अर्थ मोकळी जागा, वावरण्यास अवकाश, असा आहे, आणि देवांकडे विस्तीर्ण लोकाची याचना तेथें पुनःपुन्हां येते. लॅटिन भाषेंतील ‘लूकुस्’ म्हणजे वनराई, आणि लिथुएनियन ‘लाउकस्’ म्हणजे शेत, हीं त्याचींच रूपें. दाट रानांत जेथें उजेड पडतो ती जागा, हा मूळ भाव. म्हणून ‘लोक्’ धातूचा पाहणें हा अर्थ व ‘रुच्’ धातूचा प्रकाशणें हा अर्थ त्याच्या अगदीं शेजारीं आहेत. तात्पर्य, बर्कली या नांवाचें पदशः संस्कृत करावयाचें झाल्यास ‘भूर्जलोक’ असें होईल. हें भाषांतर नव्हे. दोन्ही पदें मूळचीं तींच आहेत.

भूर्ज म्हटल्याबरोबर संग्राहकांचें लक्ष भूर्जपत्राकडे जाईल, आणि तें योग्यच आहे. कालिदासानें कुमारसंभवाच्या प्रथम सर्गांत हिमालयाच्या वर्णनांत विद्याधरस्त्रियांच्या प्रेमपत्रांसाठीं या सालीचा उपयोग सांगितला आहे. १८८१ सालीं पेशावराजवळ बक्षाली गांवीं सांपडलेली गणिताची पोथी भूर्जावरच लिहिलेली आहे. मध्य आशियांत कुचा येथें सांपडून १८९० सालीं लेफ्टनंट बॉवर यांच्या हातीं आलेली वैद्यकादि विषयांची पोथीहि तशीच. डॉक्टर गेऑर्ग बुह्लर यांनीं १८७५ सालीं काश्मीरचा दौरा करून मुंबई सरकारच्या संग्रहासाठीं जीं हस्तलिखितें मिळविलीं, त्यांत शारदा लिपींतील भूर्जपत्रांच्या पोथ्या होत्या. तो संग्रह पुढें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आला. आणि तेथील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत समावेश झाला. त्या तिसांतील एक प्रत भूर्जावरची आहे. म्हणजे ज्या झाडाच्या नांवावरून सॅक्सन लोकांनीं आपल्या बकारास नांव दिलें, त्याच जातीच्या झाडाच्या सालीवर काश्मिरी पंडितांनीं वेद लिहून ठेवला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव नाहीं, तो आम्ही जोडीतहि नाहीं. परंतु थळघाटाच्या इंजिनिअरच्या आडनांवांत आपल्या पोथ्यांचें पान दडलेलें आहे, एवढें मात्र सिद्ध आहे.

आतां उंबरमाळीकडे येऊं. यांतील पहिलें पद उघडच ‘उंबर’. संस्कृत ‘उदुंबर’, प्राकृत ‘उंबर’, आणि तेंच मराठींत. अथर्ववेदांत औदुंबर मण्याचें सूक्त आहे. ऐतरेय ब्राह्मणांत राजाच्या अभिषेकाचें आसन उदुंबराच्या लांकडाचें सांगितलें आहे. या शब्दास मात्र युरोपांतील भाषांत भावंड नाहीं. याचें कारण दूर नाहीं : जें झाड त्या देशीं उगवत नाहीं त्याचें नांव तेथें टिकावें कसें? भूर्ज हिमालयांतहि आहे व इंग्लंडांतहि आहे, म्हणून त्याचें नांव दोहींकडे राहिलें. दुसरें पद ‘माळ’, म्हणजे उंचवट्याची, बहुधा खडकाळ व उघडी जमीन. हा शब्द केवळ देशी समजण्याची चूक होऊं नये; मेघदूतांत कालिदासानें ‘माल’ शब्द क्षेत्राच्या वर्णनांत योजिला आहे, आणि मल्लिनाथ त्याचा अर्थ डोंगराळ उंच जागा असाच करितो. उंबरमाळीच्या आसपासचा चढता, उघडा मुलूख ज्यानें पाहिला आहे त्यास या अर्थाविषयीं शंका उरणार नाहीं. तेव्हां आमच्या मतें उंबरमाळी म्हणजे उंबरांचा माळ, त्या माळावरील वस्ती. शेवटच्या ‘माळी’ या रूपावरून बागाईत करणाऱ्या जातीचा संबंध कोणी सुचवील. परंतु झाडाचें नांव पूर्वपदीं असतां उत्तरपद जमिनीचें असणें हाच या भागांतील नांवांचा प्रघात आहे. बोरिवलींत बोर, आंबिवलींत आंबा, उंबरगांवांत उंबर, आणि पुढें वस्तीचें अथवा जागेचें पद. बर्कलींतहि तेंच : आधीं झाड, मग मोकळी जागा. दोन देशांतील शेतकऱ्यांनीं, एकमेकांची वार्ताहि नसतां, आपल्या गांवास नांव देतांना एकच युक्ति वापरली.

येथपर्यंत गांवाच्या नांवाचा विचार झाला. गांवाचें नांव माणसास कसें चिकटलें हा पुढचा प्रश्न. १०८६ च्या पाहणींत बर्कली येथील राजाच्या जमिनीचा कारभार पाहणारा रॉजर नांवाचा सरदार आढळतो. तो ‘बर्कलीचा रॉजर’ म्हणून ओळखला जाई. बाराव्या शतकाच्या मध्यास राजकीय उलथापालथींत त्याच्या वंशजांकडून बर्कली गेलें आणि ब्रिस्टल येथील श्रीमंत रॉबर्ट फिट्झहार्डिंग याजकडे आलें. ‘फिट्झ’ म्हणजे पुत्र. तेव्हां या रॉबर्टाचें उपपद केवळ ‘हार्डिंगपुत्र’ एवढेंच होतें. त्याचा मुलगा मॉरिस यानें जुन्या घराण्यांतील ॲलिस हिच्याशीं विवाह केला आणि तो ‘बर्कलीचा मॉरिस’ झाला. बापाची ओळख आजोबाच्या नांवानें, मुलाची ओळख गांवाच्या नांवानें. आडनांवाचा जन्म येथें एका पिढींत डोळ्यांसमोर दिसतो. त्याहून मौजेची गोष्ट ही कीं, ज्या जुन्या घराण्याचें बर्कली गेलें त्यानें डर्सली येथें राहूनहि बर्कली हें नांव सोडलें नाहीं. गांव गेलें, नांव राहिलें. आपल्याकडील ‘कर’ प्रत्ययान्त आडनांवांचा अनुभव याहून निराळा आहे काय? गांव सोडल्यावरच बहुधा तें आडनांव लागतें. ज्या गांवांत सर्वच त्या गांवचे, तेथें त्या नांवानें कोणास कोणापासून वेगळें ओळखावें? या ‘कर’चा संबंध कोणी संस्कृत ‘कर’ प्रत्ययाशीं लावितात, कोणी प्राकृतांतील ‘केर’ या संबंधदर्शक प्रत्ययाशीं. हेमचंद्राच्या व्याकरणांत हा ‘केर’ येतो. दुसरा पक्ष आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो, कारण ‘त्या गांवचा’ एवढाच अर्थ येथें अभिप्रेत असतो. इंग्रजांचा जुना ‘द’ म्हणजे ‘चा’ हा उपसर्ग कालांतरानें गळून पडला. आपला प्रत्यय शब्दाच्या अंगीं भिनला म्हणून टिकला.

लेखनभेदाविषयीं दोन शब्द. हेंच नांव बर्कली, बार्कली अशा अनेक वर्णविन्यासांनीं लिहिलेलें आढळतें. इंग्रजींत एका काळीं रेफापूर्वींच्या एकाराचा उच्चार आकाराकडे झुकला. म्हणून इंग्लंडांत या नांवाचा उच्चार सामान्यतः ‘बार्कली’ होतो, आणि कांहींनीं लेखनहि तसेंच केलें. स्कॉटलंडांतील बार्कली घराणें व लंडनची त्या नांवाची पेढी या उच्चारानुसारी लेखनाचें उदाहरण होय. आयर्लंडांतील तत्त्ववेत्ते बिशप जॉर्ज बर्कली (१६८५–१७५३) यांच्या नांवावरून अमेरिकेंतील एका नगरास १८६६ सालीं नांव देण्यांत आलें. तेथें मात्र उच्चार अक्षरास धरून ‘बर्कली’ असाच होतो. मोडी कागद वाचणारांस यांत नवल वाटूं नये. जे कारकून एल्फिन्स्टनास ‘अल्पिष्टन’ करीत, त्यांचे इंग्रज बंधु उंबरमाळीस रोमन लिपींत दोन ‘ओ’ घालून लिहीत. फलकावर तें लेखन अजूनहि दिसतें. अर्थात् एकच आडनांव असलेले सर्व एका कुळांतले, असें म्हणतां येत नाहीं. एकाच नांवाचीं दोन गांवें असलीं तर आडनांवहि दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें उगवतें. म्हणून रेल्वेच्या बर्कलींस किल्ल्याच्या बर्कलींचे वंशज ठरविण्याचा मोह आम्ही आवरला आहे.

इंग्रजी आडनांवांचे पंडितांनीं चार वर्ग केले आहेत : गांवावरून, बापाच्या नांवावरून, धंद्यावरून आणि अंगच्या एखाद्या लक्षणावरून. या चोहोंचीं उदाहरणें शोधण्यास थळघाट सोडून लांब जावें लागत नाहीं. गांवावरून बर्कली झालें. त्यांचे गुरु स्टीफन्सन म्हणजे स्टीफनचा पुत्र. कसाऱ्यापर्यंत गाडी आली त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज रसेल क्लार्क. या एका नांवांत उरलेले दोन्ही वर्ग सांपडतात. ‘क्लार्क’ म्हणजे लिहिणारा, आपला चिटणीस. आणि येथेंहि लेखन एकारानें व उच्चार आकारानें, बर्कलीप्रमाणेंच. ‘रसेल’ म्हणजे तांबूस केंसांचा अथवा वर्णाचा; आपल्याकडील पिंगळे, गोरे, काळे यांच्या पंक्तींतला. तेव्हां इंग्रजांचीं आडनांवें अर्थहीन व आमचींच सार्थ, असा जो एक समज आहे तो टाकून दिला पाहिजे. त्यांचा अर्थ जुन्या भाषेंत झांकला गेला आहे, इतकेंच.

कुलनामाची प्राचीनता पाहावयाची तर आमचा शेजारचा मुरबाड तालुका इंग्लंडासहि मागें सारतो. मुरबाडहून जुन्नरास जाणाऱ्या जुन्या वाटेवर नाणेघाटाच्या माथ्याशीं जें लेणें आहे, त्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या, परंतु त्यांच्या वरचीं नांवें राहिलीं. सिमुक हें व्यक्तिनाम आणि सातवाहन हें कुलनाम तेथें जोडीनें कोरलेलें आहे; राणी नागनिका, राजा सातकर्णि, एक महारठी, कांहीं कुमार, असे सर्व नांवानिशीं दाखविले आहेत. या लेखांचें वाचन ज्यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलें ते तेच बुह्लर, ज्यांनीं काश्मिरांतून भूर्जपत्रें आणिलीं. पुढें याच कुळांतील राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशीं मातृनामें लावूं लागले. म्हणजे इंग्लंडांत ‘फिट्झहार्डिंग’ उदयास येण्यापूर्वीं हजार वर्षें आमच्या या घाटांत कुलनाम आणि पुत्रनाम दोन्ही प्रचारांत होतीं.

मात्र तीं राजांचीं. सामान्य माणसाचें काय? इंग्लंडांत १३७७ ते १३८१ या वर्षांत तीन वेळां डोईपट्टी बसविली गेली, तेव्हां कारकुनांनीं गांवोगांवच्या माणसांच्या याद्या केल्या. ज्यास आडनांव नव्हतें त्याच्यापुढें त्याचा धंदा, बाप किंवा गांव लिहिलें. १५३८ सालीं प्रत्येक देवळांत बारसें, लग्न व मृत्यु यांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा झाली, आणि लिहिलेलें नांव मुलांस, नातवंडांस लागत गेलें. आडनांव माणूस धारण करितो असें आपण म्हणतों. पुष्कळ वेळां तें लिहिणाराच्या लेखणींतून त्याच्यावर पडतें.

हें आम्ही पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. शहापूर–मुरबाडच्या पाड्यांवरील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी मुलें शाळेंत येत, त्या वेळीं जनरल रजिस्टरांत नांव चढविणें हें आमचें काम होतें. बाप मुलाचें नांव सांगे, स्वतःचें सांगे. आडनांव विचारिलें कीं गप्प राही. रकाना रिकामा ठेवणें नियमाविरुद्ध. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षीं आम्ही अशा कित्येक मुलांपुढें जातीचें नांवच आडनांव म्हणून लिहून टाकिलें. घरीं त्यांच्यांत कुळाचीं नांवें होतीं. लग्न जुळवितांना तीं पाहत असत. परंतु तीं अनोळखी मास्तरास चटकन् सांगण्याचीं नव्हतीं, आणि आम्हीं दुसऱ्यांदा विचारिलें नाहीं. पुढें दाखल्यावर तेंच आलें, दाखल्यावरून नोकरींत, आणि आतां त्यांचीं नातवंडें तेंच लावितात. एका घरीं दोन भावांचीं आडनांवें निराळीं झालेलीं आम्हीं पाहिलीं, कारण एकाचें नांव आम्हीं घातलें आणि दुसऱ्याचें आमच्या नंतर आलेल्या शिक्षकानें. सॅक्सन नांवांची सुमारें बाराशें वर्षांची वंशावळ जुळविण्यास बसलेल्या माणसानें आपल्या हातून पुसल्या गेलेल्या नांवांचा हिशेब न देणें अनुचित होईल, म्हणून हें येथें लिहून ठेविलें आहे.

घाटाकडे पाहतांना हाच विचार पुनः येतो. बोरघाटाच्या कामावर १८६१ सालीं बेचाळीस हजारांवर मजूर होते. थळघाटावरहि हजारों माणसें खपलीं. पटकीनें, तापानें, सुरुंगाच्या स्फोटानें व कड्यावरून पडून किती गेलीं त्यांस गणति नाहीं. इंजिनिअरच्या आडनांवाचें इ. स. ८२४ चें रूप आम्ही सांगूं शकतों. परंतु ज्यांनीं ते बोगदे फोडिले, त्यांतील एकाचेंहि आडनांव घाटांतील दगडावर नाहीं. बिशप बर्कली यांचा सिद्धान्त असा होता कीं, पदार्थाचें असणें म्हणजे तो कोणास तरी प्रतीत होणें. इतिहासकारानें हा सिद्धान्त आपल्या व्यवसायास लावूं नये. दफ्तरांत जो प्रतीत होत नाहीं तो नव्हताच, असें मानणें ही आमच्या शास्त्रांतील सर्वांत जुनी चूक आहे.

म्हणून शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण सनदा, महजर, पोथ्या व वंशावळी आदरानें जमवितां. त्याच आदरानें जुन्या शाळांचीं रजिस्टरें, गांवचे जन्ममृत्यूचे जुने नमुने, ठेकेदारांचे हजेरीपट आणि पाड्यांवरील वृद्धांच्या मुखांत असलेलीं कुळांचीं नांवें जमवावीं. यांपैकीं कागद वाळवीनें जाईल आणि मुखांतील नांवें त्याहून लौकर जातील. भूर्जाची साल योग्य हातीं पडली म्हणून वेद वाचला. ठाकुरांच्या व कातकऱ्यांच्या कुळांचीं नांवें कोणत्याहि सालीवर उतरलेलीं नाहींत. उंबरमाळीस गाडींतून उतरून दोन-चार पाडे हिंडण्यास एक दिवस पुरतो. आमच्यापुरतें आम्ही तें काम आरंभिलें आहे. ज्या घरांचीं नांवें आमच्या लेखणीनें बदललीं त्यांच्यापासून.